पीसी सुरूच होत नाही, पंखा अर्धा गिरका घेतो आणि बंद – मदरबोर्ड गेला का?

परशुराम_घाट
नमस्कार मंडळी. चिपळूणला घरी बाबांचा डेस्कटॉप आहे, असेंबल्ड, २०१४ चा. आय३ चौथी पिढी, एच८१ बोर्ड, ४+४ जीबी डीडीआर३ रॅम. विंडोज नंतर टाकलेल्या एसएसडीवर आहे आणि जुनी १ टीबी हार्डडिस्क डेटासाठी तशीच ठेवलीय. परवा रात्री विजा कडकडत होत्या, लाईट जा-ये करत होती, नुसती डीम-फुल डीम-फुल. सकाळी बाबांनी बटण दाबलं तर सीपीयूचा पंखा अर्धा गिरका घेतो आणि थांबतो. परत दाबलं तर काहीच नाही, मेलेलं. भिंतीवरचं बटण बंद करून थोडं थांबून परत चालू केलं की पुन्हा तोच अर्धा गिरका. बीप नाही, डिस्प्ले नाही.

इथला एक दुरुस्तीवाला येऊन गेला, कॅबिनेटचं झाकणही पूर्ण काढलं नाही, टॉर्च मारली आणि म्हणाला बोर्ड गेला, एवढा जुना बोर्ड आता मिळत नाही, नवीन घ्या, २८ हजार होतील. बाबांना पीसीचं काही नाही हो, त्यांनी निवृत्तीनंतर बसून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाईप केलाय आणि आजोबांच्या काळातले फोटो स्कॅन करून ठेवलेत, ते सगळं त्या १ टीबीवर. दर तासाला विचारतायत "गेलं का रे सगळं?" मी शनिवार-रविवार इथेच आहे. स्क्रू ड्रायव्हर आहे, मल्टीमीटर शेजारच्या वायरमनकडून मिळेल. खरंच बोर्ड गेला असेल का? की दुसरं काही बघता येईल?

टवाळ
मॉनिटरचं बटण चालू आहे का बघा. (पळतोय)

खारी_बिस्कीट
टवाळ, हसू नका, आमच्या ऑफिसात निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. उरलेल्यातल्या निम्म्या "केबल बोर्डाला लावलीय आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे" इथे.

सोल्डरबाबा
आधी बाबांना सांगा की पीसी सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहा द्या त्यांना.

आता लक्षण बघू. तुम्ही जे लिहिलंय ना, अर्धा गिरका, मग मेलेलं, आणि भिंतीवरून बंद करून थांबलं की परत अर्धा गिरका, ते फार कामाचं आहे. एसएमपीएस (म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा) पूर्ण मेलं असतं तर अर्धा गिरकाही आला नसता. इथे एसएमपीएस सुरू होतंय, कुठेतरी १२ व्होल्ट किंवा ५ व्होल्टची लाईन जमिनीला टेकलेली त्याला दिसतेय आणि ते स्वतःला कुलूप लावून घेतंय. ते कुलूप मेन सप्लाय काढून आतले कपॅसिटर उतरेपर्यंत उघडत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबून काही होत नाही. म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्डावर असू शकतो, नाही असं नाही, पण बोर्डाशिवाय त्याच एसएमपीएसवर आणखी चार-पाच गोष्टी लटकलेल्या असतात. डीव्हीडी रायटर, हार्डडिस्क, एसएसडी, कॅबिनेटचे पंखे, समोरचे यूएसबी. टॉर्च मारून यातलं कोण दोषी ते कळत नाही.

एक एक काढत जायचं. प्लग भिंतीतून काढा (नुसतं बटण बंद नाही, प्लग काढा), पीसीचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट उतरेल, मग कामाला लागा.

ठाणेकर_काकू
माझा अनुभव सांगते. रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा, भुगा फुंकून टाकायचा आणि खट आवाज येईपर्यंत परत बसवायची. आमचा जुना पीसी दर पावसाळ्यात हेच नाटक करायचा आणि दर पावसाळ्यात हाच उपाय चालायचा. दहापैकी आठ वेळा रॅमच असते.

अधिक_उणे
काकू, उपाय चालतो हे मान्य, पण दोन मुद्दे.

एक, खोडरबर जपून. त्या पट्टीवर सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि शाईचा खरखरीत खोडरबर वापरला तर तो घासून निघतो. पांढरा मऊ घ्या किंवा सरळ आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापूस. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मागा. फुंकू पण नका, थुंकीचे कण जातात.

दोन, रॅमचं लक्षण वेगळं असतं. पंखा फिरत राहतो, डिस्प्ले येत नाही, स्पीकर असेल तर बीप येतात. इथे पंखाच थांबतोय. पण रॅम वापरून एक चांगली परीक्षा होते. दोन्ही रॅम काढून पीसी चालू करायचा. बोर्डाला तो छोटा स्पीकर लावलेला असेल आणि "रॅम नाही" म्हणून बीप आले, तर प्रोसेसर आणि बायोस (बोर्डावरचा, पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) दोन्ही जिवंत आहेत असं समजायचं. मेलेला बोर्ड तक्रार करत नाही.

रंकाळा_कट्टा
भावा बायोसचा सेल बदल. सीआर२०३२. वीस-तीस रुपयात मिळतोय, घड्याळवाल्याकडं पण असतोय. आमच्याकडं सेल बदलला आणि लगेच चालू, नाद खुळा.

अधिक_उणे
रंकाळा, सेल उतरला की तारीख-वेळ मागे जाते, बायोसची सेटिंग पुसली जातात, सुरू होताना एफ१ दाबा म्हणतो. काही बोर्ड रुसतात हे खरं, आणि सेल काढून बायोस रिसेट झालं की चुकीच्या सेटिंगने अडलेला पीसी उठतो. पण सेलमुळे एसएमपीएस कुलूप लावून बसत नाही. तरी ११ वर्षांचा सेल आहे, बदलायलाच हवा. मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा.

संत्रा_बर्फी
राजे हो, एवढा खटाटोप कायले? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृत. म्हणजे दुरुस्त करून काय मिळवणार? तो दुरुस्तीवाला अगदीच चुकीचं नाही बोलला. रिफर्बिश्ड ऑफिसचा पीसी घ्या, आठव्या पिढीचा, २८ हजाराच्या निम्म्यापेक्षा कमीत येतो, हार्डडिस्क त्यात लावा, काम खल्लास.

खारी_बिस्कीट
संत्रा, ते ठीक, पण शॉर्ट जर हार्डडिस्कमध्येच असेल तर ती नव्या पीसीला लावल्यावर नवा पीसी पण सुरू होणार नाही. मग काय, तिसरा घ्यायचा?

आणि टायपिंग करायला विंडोज ११ कशाला लागतं, लिनक्स मिंट टाका.

संत्रा_बर्फी
आला लिनक्सवाला. मला वाटलंच होतं पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत येईल, तू तर पहिल्या दहातच आला बे.

मांडवी_काठ
पणजीहून. विजेच्या मागे लागण्याआधी एकदा आत नीट बघून घ्या हो. आमच्याकडे एकाच्या एसएमपीएसमध्ये पाल शिरून चिकटली होती, पंख्याच्या जाळीतून आत गेली असणार. दुसऱ्याकडे काळ्या मुंग्यांनी बोर्ड आणि कॅबिनेटच्या पत्र्यामध्ये घर केलं होतं, अंड्यांसकट. खारी हवा, दमट, त्यात पीसी महिनाभर बंद ठेवला की कनेक्टरवर हिरवट पूड चढते. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवायचा पीसी पावसाळ्यात, आतली उष्णता ओल धरू देत नाही.

परशुराम_घाट
सगळ्यांचे आभार, एवढ्या पटकन एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

झाकण पूर्ण काढलं. धूळ भयंकर, ब्रशने काढली. पाल नाही, मुंग्या नाहीत, कोळ्याचं जाळं आहे. रॅम काढून बघितली, पुसून परत लावली, तेच. रॅम न लावता पण तेच, अर्धा गिरका. बीप नाही, पण स्पीकरच लावलेला नाहीये बोर्डाला. बोर्डावरचे कपॅसिटर बघितले, डोकी सपाट आहेत सगळ्यांची, एकही फुगलेला नाही. सेल २.६ दाखवतो.

सोल्डरबाबा, एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू करता येतं असं वाचलं, पिन लावून. करू का? भीती वाटतेय जरा.

सोल्डरबाबा
सेल संपत आलाय, बदला, पण दोषी तो नाही.

हो, करा, आणि भीती वाटते हे चांगलंच आहे. पद्धत अशी. प्लग भिंतीतून काढलेला. एसएमपीएसमधून निघणाऱ्या सगळ्या वायरी सगळीकडून काढा. २४ पिनचा मोठा, सीपीयूजवळचा ४ पिनचा (त्याचा खटका दाबून), हार्डडिस्क, एसएसडी, डीव्हीडी, सगळं. मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी, या दोन भोकांत कागदाची पिन सरळ करून घट्ट बसवा. मग प्लग लावा आणि बटण चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरत राहिला पाहिजे. मग मल्टीमीटर डीसी २० वर ठेवून काळी दांडी काळ्या वायरीला आणि लाल दांडीने मोजा. पिवळी १२ (११.४ ते १२.६ चालेल), लाल ५ (४.७५ ते ५.२५), नारिंगी ३.३. जांभळी ५ दाखवेल, ती पिन न लावताही ५ च दाखवते, कारण ती स्टँडबायची.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतात.

नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस शंभर टक्के चांगलं असं नाही, लोड आल्यावर बसणारेही असतात. पण कुलूप कोणामुळे लागतंय हे शोधायला एवढं पुरे.

ठाणेकर_काकू
बाबा रे, लाकडी पाटावर उभा राहून कर आणि पायात चप्पल घाल.

दुकान_चालू_आहे
मी स्वतः दुरुस्तीचं दुकान चालवतो, सातारा जिल्ह्यात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. इथे सगळे त्या माणसावर तुटून पडलेत. गिऱ्हाईक व्हिजिटचे तीनशे द्यायला कुरकुरतं, आणि वर सोल्डरबाबा सांगतात तसं एक एक काढून तपासायला दोन तास जातात. दोन तास मी घालवले आणि सांगितलं की केबल सैल होती, तर गिऱ्हाईक म्हणतं "मग कशाचे पैसे? नुसती केबल तर लावली". म्हणून आमच्यातले काही सरळ बोर्ड गेला सांगतात. मी नाही सांगत, पण सांगणाऱ्याचं गणित मला कळतं. चांगला कारागीर हवा तर बघण्याचे पैसे द्यायची तयारी ठेवा, पार्ट बदलण्याचे नाही.

खारी_बिस्कीट
दुकान, मुद्दा मान्य. पण रोग रेड्याला आणि इलाज पखालीला करून २८ हजार मागायचे हे कुठल्या गणितात बसतं?

दुकान_चालू_आहे
नाहीच बसत. मी कुठं समर्थन करतोय.

सह्याद्रीची_लेक
थोडं अवांतर विचारते. आमच्या गावच्या घरी (गुहागर) कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, मागे यूएसबी लावताना तर चटकाच. टेस्टर लावला तर पेटतो. याचा न सुरू होण्याशी संबंध असू शकतो का? परशुराम, तुमच्याकडे पण होतं का असं?

वायरमन_बंड्या
लेक, तुमच्याकडे अर्थिंग नाही किंवा नावाला आहे. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, आवाज म्हणजे इलेक्ट्रिकल गडबड जमिनीत सोडायला. जमीनच नसली तर कॅबिनेट मधल्या मध्ये लटकतं, मल्टीमीटर लावलात तर ११० च्या आसपास व्होल्ट दाखवेल. करंट अगदी कमी, मिलीअँपच्या आत, त्यानं माणूस मरत नाही, पण टेस्टर पेटतो आणि मुंग्या येतात. पण चटका म्हणजे जरा जास्त वाटतं, बघून घ्या कोणाकडून तरी.

कोकणात जांभ्यामध्ये अर्थिंग लागणं कठीण. कोळसा-मीठ घालून खड्डा केला तरी मे महिन्यात कोरडा पडतो, वरून पाणी घालत राहावं लागतं. आणि तीन पिनच्या प्लगची वरची जाडी पिन कापून दोन पिनच्या बोर्डात घालणारे महाभाग पण बघितलेत.

परशुरामभाऊ, लाईट डीम-फुल होत होती म्हणता ना, फक्त तुमच्याकडे की गल्लीत सगळीकडे? कुठे न्यूट्रल सैल झाला असेल तर काही घरांत व्होल्टेज पडतं आणि काही घरांत २३० च्या वर चढतं, तीनशे-साडेतीनशेही जातं. बल्ब जास्तच उजळला होता का कुठला?

परशुराम_घाट
बंड्याभाऊ, हो! आई म्हणाली स्वयंपाकघरातला दिवा "लग्नघरासारखा" झाला होता मध्येच. शेजारच्यांचा टीव्ही पण गेलाय. यूपीएस आहे आमचा पण बॅटरी कधीच गेलीय त्याची, नुसता एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून वापरात आहे.

टवाळ
महाराष्ट्रातल्या ८० टक्के यूपीएसचं पुनर्वसन एक्स्टेन्शन बोर्ड म्हणूनच झालेलं आहे. (आकडा माझा, विदा मागू नये.)

फॉगसिटी_बाब्या
बे एरियातून. मी मागे नवीन पीसी जोडला, डीडीआर५ वाला. बटण दाबलं, पंखे सुरू, स्क्रीन काळी. बंद केला, रॅम काढली, लावली, परत काळी. असं बरंच झाल्यावर बायको म्हणाली तू जरा उठून जेवून घे. जेवून आलो तर स्क्रीनवर बायोस. या नव्या रॅम पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचं ट्रेनिंग करतात, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मी दर वेळी मध्येच बंद करत होतो. नवीन जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवा. परशुरामच्या केसशी संबंध नाही, त्याची डीडीआर३ आहे, पण गूगल करून इथे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

सह्याद्रीची_लेक
म्हणजे उपाय जेवण आहे तर.

गिरगाव_चौपाटी
हा धागा वाचून लॅमिंग्टन रोड आठवला. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने विचारलंत तर लोक तोंडाकडे बघायचे. कॉलेजात असताना तिथून एक एक पार्ट घासाघीस करून आणायचो. तिथल्या एका काकांनी मला शिकवलेलं, कॅबिनेट न वापरता बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवायचा, फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस, आणि पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं. सुरू झाला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बाकीच्या सामानात. कित्येकदा बोर्डाखाली एखादा पितळी स्टँड जास्तीचा लागलेला असतो, तो मागून टेकून शॉर्ट करतो. आणि कधी कधी नुसतं पॉवरचं बटणच खराब असतं, दाबलेलंच राहतं. मग पीसी चालू होतो आणि चारेक सेकंदांनी बंद, कारण बटण दाबून धरलंय असंच त्याला वाटतं.

परशुराम_घाट
मंडळी!! ऐका.

काकूंनी सांगितल्याप्रमाणे पाट, चप्पल, सगळं. पिन लावली, प्लग लावला, बटण दाबलं. एसएमपीएसचा पंखा फिरायला लागला आणि फिरतच राहिला. पिवळी ११.९, लाल ५.०५, नारिंगी ३.३. बाबा बाजूला उभे राहून वहीत लिहून घेत होते.

मग म्हटलं बोर्डाला हात न लावता एक एक वस्तू याच पिनवर लावून बघू. दर वेळी प्लग काढून. डीव्हीडी लावली, पंखा फिरतो, ट्रेचं बटण दाबलं तर ट्रेही बाहेर आला. एसएसडी लावली, फिरतो. १ टीबी हार्डडिस्क लावली, बटण दाबलं. टिक. पंखा हलला न हलला आणि बंद. काढली, थोडं थांबून परत चालू केलं, फिरतो. लावली, बंद.

मग हार्डडिस्क सोडून सगळं परत बोर्डाला जोडलं. बटण दाबलं आणि विंडोज आलं. तारीख चुकीची आहे, बाकी सगळं चालू! बोर्ड गेलेला नाही!

पण म्हणजे हार्डडिस्कच गेली ना? बाबांचा चेहरा बघवत नाहीये.

रंकाळा_कट्टा
लय भारी! २८ हजार वाचले, मिसळ लागू.

सोल्डरबाबा
शाब्बास. दुकानात पगार देऊन ठेवावं असं काम केलंत. आणि बाबांना सांगा अजून आशा सोडू नका, उलट हा हार्डडिस्कचा सगळ्यात सोपा आजार असायची शक्यता बरीच आहे.

डिस्कच्या खालच्या हिरव्या (किंवा निळ्या) बोर्डावर, पॉवर कनेक्टरच्या अगदी जवळ, साधारण दोन काळे चौकोनी डायोड असतात, एक १२ च्या लाईनवर, एक ५ च्या. टीव्हीएस डायोड म्हणतात. त्यांचं काम एकच, व्होल्टेज जास्त आलं की स्वतः शॉर्ट होऊन सगळा मार जमिनीत घालवायचा आणि मागच्या चिपला वाचवायचं. मार मोठा असला की डायोड कायमचा शॉर्ट होऊन बसतो. मग डिस्क लावली की एसएमपीएसला सरळ शॉर्ट दिसतो आणि ते कुलूप लावतं. तुमची गोष्ट शब्दशः हीच दिसतेय, रात्री व्होल्टेज चढलं, एसएमपीएसने थोडा उसळीचा भाग पुढे ढकलला, डायोडने तो अंगावर घेतला.

तपासायला डिस्क पूर्ण सुटी करा, कुठलीही केबल नाही. मल्टीमीटर २०० ओहमवर. डायोडच्या दोन टोकांना दांड्या लावा, मग उलट्या करून परत. दोन्ही बाजूंनी जवळपास शून्य आलं तर तोच मेलेला. तुमच्या डिस्कच्या बोर्डावर बाहेरून काहीच दिसत नसेल तर पार्ट आतल्या बाजूला आहेत, बोर्डाचे स्क्रू टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) असतात, बहुतेक टी६. फक्त बोर्डाचे स्क्रू. स्टिकर लावलेलं वरचं झाकण चुकूनही उघडायचं नाही, आत धुळीचा एक कण गेला तर खरंच सगळं संपेल.

अधिक_उणे
थांबा थांबा. सोल्डरबाबांचं निदान मला पटतंय, पण इथून पुढे घरी करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. डायोड शॉर्ट आहे की मागची मोटार चालवणारी चिप शॉर्ट आहे हे नवख्याला कळत नाही. डेटा मोलाचा आहे तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, पैसे जातील पण ते रोज हेच करतात. आणि काही झालं तरी ऑनलाईन तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड मागवून लावायच्या फंदात पडू नका. हल्लीच्या डिस्कमध्ये बोर्डावर एका छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये त्या त्या डिस्कची स्वतःची माहिती असते, दुसऱ्याचा बोर्ड लावून डिस्क ओळखलीच जात नाही, ती चिप काढून इकडून तिकडे लावावी लागते.

सोल्डरबाबा
बोर्ड न बदलण्याबद्दल पूर्ण अनुमोदन. रिकव्हरीबद्दल, मोजून बघण्यात धोका नाही. मोजल्यावर डायोड चांगला निघाला तर तिथेच थांबा आणि अधिक_उणे म्हणतात तसं करा. डायोड शॉर्ट निघाला तर तो काढणं हे मोबाईल दुरुस्तीवाल्याचं पाच मिनिटांचं काम आहे, हॉट एअर त्याच्याकडे असते.

दुकान_चालू_आहे
मीही चार-पाच वेळा केलंय हे. काढायचा, जागा रिकामी ठेवायची, डिस्क चालते. पण मग तिला संरक्षण उरत नाही, म्हणून नवीन एसएमपीएसवरच लावायची आणि पहिल्या सुरुवातीतच सगळं कॉपी करून घ्यायचं. तुमचं एसएमपीएस मीटरवर बरोबर दाखवतंय, तरी ज्याने एकदा उसळी पुढे जाऊ दिली त्यावर ही डिस्क मी तरी लावणार नाही.

मांडवी_काठ
+१. आणि कॉपी चालू असताना त्यावर दुसरं काही करू नका, फोटो उघडून बघत बसू नका. बाबांना लांब ठेवा!

परशुराम_घाट
अपडेट.

बोर्डाचे पार्ट खरंच आतल्या बाजूला होते. टी६ इथे मिळेना, शेवटी मोबाईलवाल्याकडेच गेलो, त्यानेच उघडलं. एका डायोडवर भिंगातून बघितलं तर बारीक तडा आणि कडेला तपकिरी डाग. मोजलं, दोन्ही बाजूंनी ०.४ ओहम, म्हणजे दांड्या एकमेकींना टेकवल्यावर येतं तेवढंच. दुसरा डायोड ठीक. त्याला सोल्डरबाबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला "बरोबर लिहिलंय यांनी", आणि गरम हवा मारून चिमट्याने उचलला. पन्नास रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

नवीन एसएमपीएस आणलं, आधी कुठलीही डिस्क न लावता सुरू करून मोजलं, मग डिस्क लावली. तो फिरण्याचा आवाज आला ना, घुर्रर्र करून चढत जातो तो, बाबा खुर्चीतून उठलेच. सगळं दिसतंय. सध्या बाहेरच्या नव्या डिस्कवर कॉपी चालू आहे, कुलवृत्तांताचा फोल्डर पहिला घेतला, तो पूर्ण झाला. फोटो अजून चालू आहेत, स्कॅन मोठ्या मोठ्या आहेत त्यामुळे वेळ लागतोय.

अधिक_उणे, तुमचं म्हणणं मी घरी वाचून दाखवलं होतं, मोबाईलवाल्याकडे जाण्याआधी बाबांना विचारलं, ते म्हणाले रिकव्हरीला पुण्याला पाठवून महिनाभर वाट बघण्यापेक्षा आत्ता काय ते होऊ दे.

अधिक_उणे
अभिनंदन! ०.४ आल्यावर मीही हेच केलं असतं. आता त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या गावात असू दे, तुमच्याकडे पुण्याला. एकाच घरात दोन डिस्क म्हणजे बॅकअप नाही, पुढची वीज दोन्हींवर पडेल.

संत्रा_बर्फी
मानलं भाऊ. पण विंडोज १० चं काय करणार ते सांग ना?

परशुराम_घाट
संत्रा, बाबा इंटरनेट काढून टाकतो म्हणाले, टायपिंगला लागत नाही. त्यामुळे तूर्त वाद मिटला.

वायरमन_बंड्या
यूपीएसला १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बसते बहुतेकांना, बदलून घ्या. आणि अर्थिंग तपासून घ्या, गुहागरवाल्या ताईंनी पण. शेजाऱ्यांच्या टीव्हीचं पण बघायला सांगा, कधी कधी नुसता फ्यूज आणि त्याच्यामागचा एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज अंगावर घेणारा पार्ट) गेलेला असतो.

ठाणेकर_काकू
छान झालं. पण रॅम पुसलीत ना खोडरबराने? आता वर्षभर बघायला नको.

टवाळ
काकू जिंकल्या.

नवा_गडी
नमस्कार, मी नवीन सदस्य. माझा पीसी सुरू होतो, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. आय५ आहे, नावात शेवटी एफ आहे, कालच ग्राफिक्स कार्ड मित्राला विकलं. काय झालं असेल?

खारी_बिस्कीट
नवा_गडी, एफ म्हणजे त्या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोयच नाही. मित्राला फोन करा.